फक्त पडदा ओढायचा होता

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. माझ्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात तीन ठिपके कायमचे विझले आहेत, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे, आणि आज सकाळी सातपासून मी रस्त्याच्या कडेला एका तपकिरी घोंगडीवर उभा आहे. शेजारी वाफल भाजायचा साचा आहे, जुन्या स्केट्सच्या दोन जोड्या आहेत आणि एक तुकडा हरवलेलं पवनचक्कीचं जोडचित्र आहे. राजाच्या वाढदिवशी आमच्या फ्रीसलंड प्रांतात घरोघरची अडगळ अशी रस्त्यावर येते. आमच्या घराचीही आली आहे.

मला अडगळ म्हटल्याचा राग नाही. नऊ वर्षं झाली, वय झालं. राग आहे तो गिऱ्हाइकांचा. सकाळपासून अकरा जण माझ्यापुढे वाकून गेले. एकाने विचारलं, किती इंची. दुसऱ्याने विचारलं, किती हर्ट्झ. तिसऱ्याने खिशातून मोजपट्टी काढली आणि परवानगी न घेता माझ्या पाठीची भोकं मोजली. आपल्या खोलीत खिडकी कोणत्या बाजूला आहे, हे स्वतःला विचारणारा एकही भेटला नाही. नऊ वर्षांपूर्वीही भेटला नव्हता. त्यापायी एका भल्या माणसाचा स्वतःवरचा विश्वास जाता जाता राहिला, आणि मला तोंड असूनही बोलता आलं नाही. ते सगळं आज सांगून टाकतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे दिवसाला हजारो भावंडं जन्मतात, त्यामुळे लाड कोणाचेच होत नाहीत. खोक्यात घालून मला ल्यूवार्डनच्या एका दुकानात आणलं आणि मागच्या अंधाऱ्या दालनात भिंतीवर टांगलं. तिथे आम्ही चोवीस जण दिवसभर तेच दाखवायचो. पोपट, चिरलेलं कलिंगड, पुन्हा पोपट. मित्रांनो, पुढे नऊ वर्षं मी ज्या घरात काढली, तिथे कोणीही एकदासुद्धा पोपट पाहिला नाही. पण माणसं टीव्ही निवडतात ती पोपट बघून. ही पद्धत कोणी काढली ते मला माहीत नाही, भेटला असता तर मी त्याला चार शब्द ऐकवले असते.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी हिल्के आणि बाउक्ये आले. हिल्के हा आमच्या गावच्या कालव्यावरचा पूलवाला. होडी आली की फाटक पाडायचं, पूल उचलायचा, होडीवाल्याकडून टोल घ्यायचा आणि पूल पुन्हा खाली ठेवायचा, हे काम तो एकतीस वर्षं करत होता. टोल घ्यायची आमच्याकडची रीत म्हणजे मासे धरायच्या काठीला दोरीने एक लाकडी बूट बांधायचा आणि तो झोका देऊन चालत्या होडीवर बरोबर माणसाच्या हातात सोडायचा, म्हणजे तो त्यात नाणी टाकतो. हिल्केचा बूट कधी चुकत नाही असं गावात म्हणत. ऑगस्टमध्ये त्याला साठ वर्षं पूर्ण झाली होती.

बाउक्ये त्याची बायको. तिचं म्हणणं पहिल्या मिनिटालाच स्पष्ट होतं.

"कपाटाच्या बाहेर बोटभरही यायला नको. आणि खिडकीतल्या माझ्या दोन ऑर्किडच्या कुंड्या हलणार नाहीत, आत्ताच सांगून ठेवते."

"कुंड्यांना कोण हात लावतंय," हिल्के म्हणाला आणि त्याने वही काढली.

त्या वहीचं काय वर्णन करू. ग्राहकांच्या मासिकातले सगळे तक्ते त्याने हाताने उतरवून काढले होते. इंच, हर्ट्झ, वीज किती खातो, आवाज कसा, वजन किती. माणसाने घर घेतानाही एवढी चौकशी करू नये. विक्रेत्या मुलीने त्याला विचारलं, "काका, बघणार काय याच्यावर?"

"हिवाळ्यात स्केटिंगच्या शर्यती," हिल्के म्हणाला. "आणि दर शनिवारी दुपारी मुलीबरोबर गाड्यांची शर्यत खेळतो. ती स्कॉटलंडला असते, समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला. ती अकरा वर्षांची होती तेव्हापासूनचा नेम आहे."

मित्रांनो, एवढ्या एका वाक्यात सगळं आलं होतं. खेळायचं आहे, आणि दुपारी खेळायचं आहे. त्या मुलीने फक्त विचारायला हवं होतं की दुपारी तुमच्या खोलीत ऊन कुठून येतं. पण ती म्हणाली, "मग हाच घ्या. रंग बघा याचे." आणि माझ्यावरच्या पोपटाकडे बोट दाखवलं.

तरी त्याने मला लगेच घेतलं नाही. घरी जाऊन विचार केला. पुढच्या शनिवारी पुन्हा आला, त्याच्या पुढच्या शनिवारीही आला. तिसऱ्या शनिवारी वहीत माझ्या नावाखाली दोन रेघा मारल्या आणि मला गाडीत घातलं.

घरात गेल्यावर मी समोर पाहिलं आणि माझं धाबं दणाणलं. माझ्या बरोबर समोर गुडघ्यापासून छतापर्यंत नुसती खिडकी होती. रस्ता, सायकली, समोरच्या घरातली कॉफी पिणारी माणसं, सगळं आत आल्यासारखं दिसत होतं. दुपारी दोनला ऊन थेट माझ्या तोंडावर. खिडकीच्या दोन्ही बाजूंना पडदे होते, बाउक्येने स्वतः शिवलेले, निळसर, जाड आणि सुंदर. पण ते दोन्हीकडे दोरीने बांधलेले होते आणि दोरीच्या गाठीवर धूळ बसली होती. आमच्या गल्लीत पडदे ओढत नाहीत. ज्याला लपवायचं काही नाही, त्याने कशाला ओढावेत. शेवटचे ते ओढले होते हिल्केची आई गेली तेव्हा, तीन दिवस. आमच्याकडे दिवसाउजेडी पडदा ओढला, तर त्याचा अर्थ एकच होतो.

मला पहिल्यांदा चालू केलं की मी एक प्रश्न विचारतो. मी घरात आहे की दुकानात? हिल्केने घर दाबलं. मी घरात शोभेल इतपत सौम्य झालो. उन्हात अर्थातच काही दिसेना.

"दुकानात किती छान दिसत होता," बाउक्ये म्हणाली. "हा आजारी पडल्यासारखा का दिसतोय?"

"मग दुकान दाबतो," हिल्के म्हणाला.

इथे सगळं बिघडलं. तीन शनिवार वही भरणाऱ्या माणसाने ही एक चूक तीन सेकंदांत केली. आता ती चूक नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं. दुकानासारखं दिसायचं असेल, तर मला आलेलं चित्र जसंच्या तसं दाखवता येत नाही. रंग भडक करायचे, कडा कोरायच्या, दोन चित्रांच्या मध्ये माझ्या मनाने तिसरं घालायचं. हे सगळं करून मग ते काचेवर आणायचं. त्यात वेळ जातो. फार नाही, डोळ्याची पापणी लवायला लागतो त्याच्या निम्मा. स्केटिंग बघताना तो कळतही नाही. पण खेळताना वळण आधी येऊन गेलेलं असतं आणि मी ते मागाहून दाखवतो. हिल्के वेळेवर दाबायचा, आणि तोवर त्याची गाडी गवतात गेलेली असायची.

याच्या आधीचा टीव्ही लहान होता, फिकट होता, पण आलेलं चित्र तो मुकाट पुढे सरकवायचा. त्याच्यावर बाप-लेक बरोबरीत असायचे. माझ्यावर हिल्के पहिल्या शनिवारी हरला, दुसऱ्या शनिवारी हरला, आणि मग हरतच राहिला.

नीन्के, म्हणजे त्याची मुलगी, फोनवरून बोलत खेळायची. बापाला ती हेइत म्हणते, आईला मेम.

"हेइत, झोपलास का? ते वळण तुला पाठ होतं."

"म्हातारा झालो, पोरी."

"झालास तर झालास, पण ब्रेक तरी लाव."

ती हसायची, तोही हसायचा. फोन बंद झाला की हसू बंद व्हायचं. मग तो मला बंद करायचा, आणि माझ्या काळ्या काचेपुढे उभा राहून उजवा हात सरळ पुढे धरायचा. बोटं पसरून, हलतात का ते बघत. हे मी एकट्यानेच पाहिलं आहे. त्याच्या वडिलांचा हात साठीतच थरथरायला लागला होता, आणि पुढे त्यांना सूपचा चमचा धरता येत नसे. ही गोष्ट मला बाउक्येच्या तोंडून कळली. हात अगदी स्थिर होता हो त्याचा. मी इतक्या जवळून पाहत होतो. मला ओरडून सांगावंसं वाटायचं की बाबा रे, उशीर मी करतोय, तू नाहीस. पण रिमोटचं बटण दाबल्याशिवाय मला कोणी बोलू देत नाही, आणि दाबल्यावर बोलतात ते बातम्यांवाले.

तुम्ही म्हणाल, त्याला टीव्हीचा संशय कसा आला नाही. मीही तेच म्हणायचो. पण तीन शनिवार घालवून, दोन रेघा मारून निवडलेली वस्तू चुकीची कशी असेल? मग चुकीचं कोण उरलं, तर तो स्वतः. नीन्के एकदा म्हणालीही होती, "त्याच्यात गेम मोड असतो, तो लाव." त्याने लावला. मी झटपट झालो, पण सौम्यही झालो. उन्हात रस्ता दिसेना आणि रस्त्याच्या जागी समोर राहणाऱ्या ग्रीतची सायकल दिसायला लागली. त्याने दोन मिनिटांत पुन्हा दुकान लावलं. पडदा हाताच्या अंतरावर होता. मित्रांनो, हाताच्या अंतरावर.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी तो कॉफीचा कप हातात धरून बसला आणि बराच वेळ प्यायलाच नाही.

"आज बूट चुकला," तो म्हणाला.

"म्हणजे?" बाउक्येने विचारलं.

"जर्मन होडीवाला होता. त्याच्या कपाळाला लागला. काही झालं नाही, हसला तो. पण चुकला."

"एकतीस वर्षांत एकदा."

"आजवर एकदाही नाही, बाउक्ये. हाच फरक आहे."

बूट का चुकला ते मी सांगतो. ज्याला आठवडाभर आपला हात उशिरा पडतो असं वाटतंय, तो झोका देताना घाई करणारच. घाईने चुकला, आणि चुकल्यामुळे त्याची खात्री पटली. बाउक्येने त्याला डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टरने हात तपासला, डोळे तपासले, नाकाला बोट लावायला सांगितलं आणि ठणठणीत आहात म्हणून घरी पाठवलं. त्यावर हिल्के काय म्हणाला? म्हणाला, "त्याला काय कळतंय. त्याने मला वळणावर पाहिलंय कुठे." डॉक्टरपेक्षा त्याचा माझ्यावर विश्वास जास्त होता. असा विश्वास शत्रूच्याही वाट्याला न येवो.

जानेवारीत पुलांच्या कचेरीचं पत्र आलं. गावोगावचे पूल आता ल्यूवार्डनच्या एका खोलीतून चालवायचं ठरलं होतं. तिथे एक माणूस स्क्रीन बघून चार-पाच पूल उघडेल. जुन्या पूलवाल्यांना आधी संधी, प्रशिक्षण कचेरी देईल. हो किंवा नाही, एवढीच खूण करून पत्र मार्चच्या पहिल्या तारखेपर्यंत परत टपालात टाकायचं. नाही म्हणणाऱ्याने लवकर घरी बसायचं. हिल्केने ते पत्र दोनदा वाचलं, पाकिटात घातलं आणि माझ्या पायाखाली सरकवून ठेवलं. त्याआधी पेन्सिलने एक बारीक खूण केली. नाहीवर.

बाउक्येला ते कळलं तेव्हा ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"गेममध्ये हरतोस म्हणून नोकरी सोडतोस? साठ वर्षांचा आहेस की सहा?"

"तिथे सगळं स्क्रीनवर आहे. आणि स्क्रीनवर मी उशिरा पडतो, हे तू दर शनिवारी बघतेस."

"मी शनिवारी इस्त्री करते. मी काही बघत नाही."

"गेममध्ये गाडी गवतात जाते. पुलावर सायकलवाला असतो, बाउक्ये. फाटक पाडायला मी क्षणभर उशीर केला, तर त्याला गवत नसतं."

ती परत स्वयंपाकघरात गेली. तो भित्रा नव्हता, तो प्रामाणिक होता, म्हणून तर मला जास्त त्रास होत होता. ते पाकीट सहा आठवडे माझ्या पायाखाली होतं. आपल्या चुकीच्या शिक्षेवर आपणच उभं राहायचं, याहून वाईट काय असेल.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी नीन्के सुट्टीवर घरी आली. दुसऱ्या दिवशी रविवार आणि सोमवारी पहिली तारीख. आली ती थेट कंट्रोलरची वायर शोधत माझ्यामागे वाकली, आणि तिच्या हाताला पाकीट लागलं. तिने ते उघडून वाचलं. मग ती माझ्यामागेच बसली.

"हेइत," ती तिथूनच म्हणाली, "ही खूण तू केलीस?"

"पेन्सिलने आहे."

"का केलीस?"

 त्याने सरळ सांगितलं. वळणांचं, बुटाचं, आजोबांच्या हाताचं. सांगताना तो माझ्याकडे बघत होता, तिच्याकडे नाही.

"आणि मी फोनवर तुला चिडवत बसले," नीन्के म्हणाली. "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू हसायचीस. बरं वाटायचं."

तिने डोळे पुसले, कंट्रोलर उचलला आणि त्याचीच गाडी सुरू केली. पहिल्याच वळणाला ती गवतात. तिने पुन्हा सुरू केली. पुन्हा गवतात. ही तीच मुलगी, जी वादळात दोरीला लटकून पवनचक्कीचं पातं दुरुस्त करते.

"हेइत, मीपण म्हातारी झाले का?"

"काय झालं?"

"हा टीव्ही उशिरा दाखवतोय. मी बटण दाबते आणि गाडी जेवून मग वळते."

"शक्य नाही," हिल्के म्हणाला. "तीन शनिवार घालवलेत मी याच्यावर. वही दाखवू का?"

"वही राहू दे."

तिने माझ्या यादीत हात घातला. शेवटी कोणीतरी घातला. दुकान काढलं, घर लावलं, गेम मोड लावला. मी सगळा साज उतरवला आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. पण बाहेर लख्ख ऊन होतं, आणि माझ्या काचेत ग्रीतची सायकल पुन्हा उभी राहिली.

"काही दिसत नाही," हिल्के म्हणाला. "म्हणूनच तर..."

"मेम, पडदा ओढ."

बाउक्ये दारात उभी होती. "दिवसाढवळ्या? लोक काय म्हणतील?"

"पाच मिनिटं."

"पाच मिनिटांत अख्खी गल्ली बघते. आजी गेली तेव्हा मी ओढले होते, त्यानंतर हात लावलेला नाही."

"मेम," नीन्के म्हणाली, "सोमवारी हे पत्र जाणार आहे."

बाउक्येने तिच्याकडे पाहिलं, पाकिटाकडे पाहिलं, मग ती खिडकीशी गेली. दोन्ही कुंड्या तिने स्वतःच्या हाताने उचलून जमिनीवर ठेवल्या. गाठ सुटत नव्हती, तिने दात लावले. धुळीचा लोट उठला आणि खोली निळसर अंधारात गेली. मित्रांनो, त्या क्षणी मला दुकान सोडल्यापासून पहिल्यांदा वाटलं की मी घरी आलो.

हिल्केने कंट्रोलर हातात घेतला. पहिलं वळण आलं. मी ते आलं तसं दाखवलं, त्याने दाबलं, गाडी वळली. दुसरं. तिसरं.  चौथ्या वळणाला त्याने एक गाडी मागे टाकली आणि त्याच्या घशातून एक आवाज निघाला. खोकला म्हणावा तर खोकला नव्हता.

इतक्यात दारावर बेल वाजली. बाउक्येने दार उघडलं. दारात ग्रीत उभी होती, काळा कोट घातलेली, हातात केक, डोळे ओले. तिच्यामागे कोपऱ्यावरचा सुतार टोपी काढून उभा, आणि त्याच्यामागे आणखी तिघं.

"आत्ता परवा तर भेटला होता," ग्रीत दबक्या आवाजात म्हणाली. "कसं झालं गं? पुलावरच झालं का?"

"कोण?"

"हिल्के."

बाउक्येच्या चेहऱ्याचा रंग उडालेला मला इथूनही दिसला.  तेवढ्यात आतून हिल्के म्हणाला, "थांब ग्रीत, एवढं वळण जाऊ दे."

ग्रीतने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, सोफ्यावर पुढे झुकून बसलेल्या हिल्केकडे पाहिलं. "मग गेलंय कोण?" तिने विचारलं, आणि तिचा आवाज आता दबका नव्हता.

"कोणी नाही," बाउक्ये म्हणाली.

"कोणी नाही, तर पडदा का ओढलाय? मी घाईघाईत केक आणला. सुताराने दुकान बंद केलं."

"कॉफी टाकते," बाउक्ये म्हणाली. दुसरं काय म्हणणार.

मग सगळे आत येऊन भिंतीला टेकून बसले, केक कापला, आणि जो मेला नव्हता त्याची शर्यत बघत कॉफी प्यायले. सुतार म्हणाला की एवढ्या चांगल्या माणसासाठी टोपी काढली ती वाया गेली. शेवटच्या फेरीत हिल्के पहिला आला. त्याने कंट्रोलर खाली ठेवला आणि उजवा हात सरळ पुढे धरला, सवयीने. या वेळी हात थोडा थरथरत होता.

"हा आनंदाचा आहे," नीन्के म्हणाली.

"माहीत आहे," तो म्हणाला.

मग त्याने पाकीट मागितलं, ग्रीतच्या पर्समधलं खोडरबर घेतलं, पेन्सिलची खूण पुसली आणि शाईने दुसरीकडे केली. साक्षीला पाच शेजारी होते, सगळ्यांच्या तोंडात केक होता.

पुढची सात वर्षं त्याने ल्यूवार्डनच्या खोलीतून पाच पूल चालवले. एकही सायकलवाला खाली पडला नाही. दर शनिवारी दुपारी आमच्याकडे पडदा ओढला जायचा आणि गल्लीत कोणी टोपी काढायचं नाही. कुंड्यांना बाउक्येने जमिनीवर चाकं लावलेली फळी करून दिली. आता हिल्के एकोणसत्तर वर्षांचा आहे, निवृत्त आहे, आणि त्याचा हात खरोखरच थोडा हलतो. कॉफी बशीत सांडते. तो ती बशीतून पितो आणि म्हणतो, हे वय आहे, हे चालतं. नीन्केने त्याला मोठा टीव्ही पाठवला. मी वर अडगळीच्या खोलीत गेलो आणि आज इथे आलो.

बारावं गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण जोडपं होतं. मुलाने वाकून विचारलं, "काका, गेमिंगला चालेल का? किती हर्ट्झ?"

"तुमच्या खोलीत खिडकी कुठे आहे?" हिल्केने विचारलं.

नऊ वर्षं मी हा प्रश्न ऐकायला थांबलो होतो. माझा राग तिथेच अर्धा झाला.

"समोरच," मुलगी म्हणाली. "मोठी आहे. छान उजेड येतो."

"पडदे?"

"पडदे नाहीत. आम्हाला काय लपवायचंय?"

गेलेला अर्धा राग परत आला. हिल्केने कपाळाला हात लावला, मग उठला आणि घोंगडीच्या टोकाला पडलेल्या गठ्ठ्याकडे गेला. बाउक्येने नवे पडदे शिवले होते, म्हणून जुने निळसर तिथे ठेवले होते. त्याने ते उचलून माझ्यावर टाकले.

"टीव्ही दहा युरो. पडदे फुकट. पण पडद्याशिवाय टीव्ही मी देणार नाही."

"अरे, त्या पडद्यांचे पंधरा येतील," बाउक्ये खुर्चीतून म्हणाली.

"आले तरी घेणार नाही."

आता मी त्या जोडप्याच्या सायकलच्या पुढच्या पेटीत आडवा आहे, पडद्यांत गुंडाळलेला. पेटी बंद करण्याआधी हिल्केने माझ्या पाठीवर एक कागद चिकटवला. त्याचा हात हलत होता, त्यामुळे अक्षरं वाकडी आली आहेत, पण वाचता येतात. मित्रांनो, माझं बाकी काही लक्षात ठेवलं नाहीत, तरी तो कागद तेवढा लक्षात ठेवा. त्यावर लिहिलंय, 'चुकलं असं वाटलं, तर आधी पडदा ओढून बघा. मग टीव्ही तपासा. हात सगळ्यात शेवटी.'